निलंबन ही शिक्षा नव्हे, म्हणे

'जुना वाचक' साहेब,

तुमची प्रतिक्रिया रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी आली. मी ती सकाळी चहाच्या आधी वाचली, ही माझी चूक. बायको म्हणाली, सोडून द्या हो, लोक लिहीतच असतात. चार दिवस सोडून दिलं. आज काही राहवत नाही.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळाडूवर गुन्हा दाखल झाला की खटला उभा राहायच्या आत त्याला घरी बसवायचं, ही पद्धत आता सगळ्याच खेळांत रुळली आहे. ती न्यायासाठी कमी आणि मंडळांच्या सोयीसाठी जास्त आहे, असं मी लिहिलं होतं. बसवायचंच असेल तर पैसे चालू ठेवा आणि मुदत घाला, एवढीच मागणी होती. उदाहरण अंकित चव्हाणचं दिलं होतं. मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. १६ मे २०१३ रोजी आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी श्रीशांत आणि अजित चंडिलाबरोबर त्याला मुंबईत पकडलं आणि क्रिकेट बोर्डाने लागलीच निलंबित केलं. पुढे मोक्का लागला. १३ सप्टेंबरला श्रीशांत आणि चव्हाणवर आजन्म बंदी आली. २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयाने या तिघांसह ३६ जणांना सोडलं, पण बंदी हलली नाही. ती सात वर्षांवर आली आणि तसं पत्र चव्हाणच्या हातात पडलं ते जून २०२१मध्ये. अटक झाली तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि पत्र आलं तेव्हा पस्तीस.

यावर तुम्ही जे लिहिलंत ते इथे जसंच्या तसं देतो, म्हणजे मी मोडतोड केली असं कुणी म्हणायला नको:

"लेखकमहाशय, निलंबन ही शिक्षा नसते, एवढं साधं ज्याला ठाऊक नाही त्याने या विषयावर लेखणी उचलू नये. मी ३४ वर्षं शासकीय सेवेत होतो, अनेक विभागीय चौकश्या केल्या आहेत. शिस्त व अपील नियमांतला नियम ५ वाचा आणि शिक्षांच्या यादीत निलंबन कुठे दिसतं का ते सांगा. चव्हाण निर्दोष सुटलेला नाही, दोषमुक्त झाला आहे. फरक समजून घ्या. बोर्डाची बंदी बोर्डाच्या चौकशीनंतरची आहे, तिचा खटल्याशी संबंध नाही. स्टोक्सची माहिती चूक. तक्रारदाराचा विचार लेखात औषधालाही नाही. उद्या सुशील कुमारलाही आखाड्यात उतरवा म्हणाल. बाकी लग्नासाठी जामीन वगैरे वाचून डोळे पाणावले!!!"

तीन उद्गारचिन्हं तुमची आहेत. 'लेखकमहाशय'मधला 'महाशय' कुठल्या सुरात आलाय तेही मला कळतं. चौकशीत समोर उभ्या राहिलेल्या माणसाला तुम्ही याच सुरात 'हं, बोला' म्हणत असणार, असं उगाच वाटून गेलं. मतभेद असावेत. मी चौदा वर्षं इथे लिहितोय आणि मला 'पाकिस्तानात जा'पासून 'तुम्ही जोश्यांचे ना?'पर्यंत सगळं ऐकून झालंय. पण लेखणी उचलू नये म्हणजे काय? लेखणी उचलायला कोणत्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते?

असो. आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो.

इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्सबद्दल मी लिहिलं होतं की आरोप ठेवले गेल्यामुळे त्याची ॲशेस हुकली. हे चूक. ब्रिस्टलमधली मारामारी झाली सप्टेंबर २०१७मध्ये. ॲशेस संपली ८ जानेवारी २०१८ला आणि सार्वजनिक ठिकाणी मारामारी केल्याचा आरोप रीतसर ठेवला गेला १५ जानेवारीला. म्हणजे अख्खी मालिका तो घरी बसला तेव्हा त्याच्यावर आरोप ठेवलेलाच नव्हता. तारखांच्या गोंधळाबद्दल दिलगीर आहे.

पण साहेब, तारखा दुरुस्त केल्यावर काय दिसतं बघा. आरोप नव्हता तेव्हा इंग्लंडच्या बोर्डाने त्याला बाहेर ठेवलं आणि आरोप ठेवला गेल्यावर दोन-तीन दिवसांत तो निवडीला उपलब्ध आहे म्हणून जाहीर केलं! न्यूझीलंडला तो खेळला. खटला ऑगस्टमध्ये उभा राहिला तेव्हा भारताविरुद्धची लॉर्ड्सची कसोटी कोर्टात बसून गेली. १४ ऑगस्टला ज्यूरीने निर्दोष ठरवलं आणि १८ तारखेला हा गडी ट्रेंट ब्रिजवर मैदानात हजर. तत्त्व म्हणतात ते यात कुठे आहे? संघाला त्याची गरज होती, एवढंच मला दिसतं. माझी चूक दाखवल्याबद्दल आभार. तिने माझं म्हणणं पक्कंच केलं.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येतो. निलंबन ही शिक्षा नसते.

मला हे ठाऊक नसावं असं तुम्ही गृहीत धरलंत. मला ते वयाच्या बाराव्या वर्षापासून पाठ आहे.

१९८४ साली माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका सरकारी गोदामात गोदामकीपर होते. जूनमध्ये अचानक तपासणी झाली. गव्हाची पोती नोंदीपेक्षा कमी भरली. अण्णा त्या महिन्यात अठरा दिवस टायफॉईडने घरी होते आणि चावी दुसऱ्याकडे होती. पण रजिस्टरवर सही अण्णांची. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला आणि आठवड्यात आदेश आला. सायक्लोस्टाइलवर काढलेला, नाव आणि तारीख तेवढी शाईने भरलेली. त्यांच्या वरिष्ठांनी आदेश हातात ठेवताना अगदी हेच वाक्य म्हटलं होतं: "याला शिक्षा समजू नका हं." घरी आल्यावर अण्णांनी ते आईला सांगितलं तेव्हा मी तिथेच पाटावर बसून जेवत होतो.

तुम्हाला नियम माहीत आहेत, त्यामुळे पुढचं तुम्हाला नवं नाही. सुरुवातीला निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून, नंतर तो वाढून पाऊणपट. आणि तो मिळण्यासाठी दर महिन्याला दाखला द्यायचा: 'मी निलंबन कालावधीत अन्यत्र कोणतीही नोकरी, व्यवसाय अथवा व्यापार करीत नाही.' माझं अक्षर चांगलं होतं. त्यामुळे तो दाखला मी लिहायचो आणि खाली अण्णा सही करायचे. फुलस्केप कागद, मध्ये कार्बन, खाली दुसरा कागद. कार्बन जुना झाला की खालच्या प्रतीवर 'अथवा'चा 'थ' उमटायचा नाही, मग तो पेनाने गिरवायचा. पहिला दाखला लिहिला तेव्हा मी सातवीत होतो, शेवटचा लिहिला तेव्हा एस. वाय.ला.

पाऊण पगारात भागेना म्हणून आईने मेतकूट आणि भाजणी करून विकायला सुरुवात केली. अण्णांना धास्ती. हा 'व्यापार' धरला तर? दाखला खोटा ठरला तर? दारात कुणी पिशवी घेऊन आलं की ते उठून मागच्या खोलीत जायचे आणि बाई जाईपर्यंत बाहेर यायचे नाहीत. मुख्यालय सोडायचं नाही हीसुद्धा अट होतीच. एका वर्षी गणपतीला गावी जायची परवानगी मागितली, रीतसर अर्ज करून. परवानगी आली. अनंत चतुर्दशीला.

१९९१मध्ये निकाल लागला: 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'. आमच्या आळीत लोक 'निर्दोष' हळू म्हणायचे आणि 'सबळ पुराव्याअभावी' मोठ्याने. अण्णांच्या बढतीचा निर्णय तोवर सीलबंद पाकिटात पडून होता. ज्या पोराला त्यांनी गोदामातल्या बिन-कार्डाचा, म्हणजे मालाच्या नोंदीचा, हिशोब शिकवला होता तो त्यांचा साहेब झालेला होता.

तर ही शिक्षा नव्हती. नियम ५च्या यादीत ती नाही, बरोबर आहे तुमचं. मी यादी पाहिली आहे, अण्णांच्या ट्रंकेत नियमांचं ते पुस्तक अजून आहे, पानं पिवळी पडलीत. त्या यादीत ठपका ठेवणं आहे, वेतनवाढ रोखणं आहे, बडतर्फी आहे. दर महिन्याला सातवीतल्या पोराकडून दाखला लिहून घेणं नाही. मला एक विचारायचंय. ३४ वर्षांत तुम्ही चौकश्या केल्यात. त्यातली किती माणसं शेवटी सुटली? आणि सुटलेल्यांपैकी एकाच्या तरी घरी जाऊन तुम्ही 'ती शिक्षा नव्हती बरं का' हे सांगितलंत? खवचट वाटला प्रश्न तर वाटू दे.

आणि नियमांचंच बोलायचं तर सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१५चा अजय कुमार चौधरी प्रकरणातला निकाल तुमच्या सेवाकाळात आला की निवृत्तीनंतर? तीन महिन्यांत आरोपपत्र हातात दिलं नाही तर निलंबन पुढे रेटू नका, असं त्यात म्हटलंय. शिक्षाच नसेल तर न्यायालयाला मुदतीची एवढी काळजी का पडावी?

आता हे खेळाडूला लावून बघा. अण्णांची सात वर्षं शेवटी सेवापुस्तकात 'कर्तव्यकाळ' म्हणून धरली गेली. थकबाकी मिळाली, निवृत्तिवेतनाला ती वर्षं जमा झाली. कारकुनाला सात वर्षं कागदावर का होईना, परत देता येतात. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची सत्तावीस ते पस्तीस ही वर्षं कुठल्या पुस्तकात जमा करणार? ज्या हंगामात मुंबईने चाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला त्या हंगामात या पोराने पंजाबविरुद्ध वानखेडेवर एका डावात नऊ बळी काढले होते. स्थानिक क्रिकेटपटूला मानधन सामन्यागणिक. सामना नाही, तर मानधन नाही, आणि निर्वाह भत्ता हा शब्द बोर्डाच्या कोशातच नाही. बंदी असलेल्याला बोर्डाशी संलग्न क्लबकडूनही खेळता येत नाही, म्हणजे आमच्या पावसाळ्यातल्या कांगा लीगमध्ये गुडघाभर गवतात चेंडू शोधायचीसुद्धा सोय उरत नाही. अण्णांना निदान निम्मा पगार होता.

दुसरीकडे काय करतात ते मी मागच्या लेखात जागेअभावी दिलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगने २०१९च्या फेब्रुवारीअखेर नियम केला: ज्या गुन्ह्याला अकरा वर्षं किंवा जास्त कैद होऊ शकते त्याचा आरोप असलेला खेळाडू खटला संपेपर्यंत खेळणार नाही, पण पगार पूर्ण मिळेल. जॅक डी बेलिन हा पहिल्याच फटक्यात सापडला. त्याने फेडरल न्यायालयात आव्हान दिलं, मे २०१९मध्ये हरला. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्यात एका आरोपातून सुटला, उरलेल्यांवर पुन्हा एकमत नाही. शेवटी सरकारी पक्षाने ते आरोप मागे घेतले आणि तो जून २०२१मध्ये मैदानावर परतला. २०१९ आणि २०२० असे दोन हंगाम पूर्ण गेले आणि तिसऱ्याचाही लचका तुटला. मला तो नियम कडक वाटतो, मुदत त्यातही नाही. पण पगार चालू होता आणि नियम छापलेला होता. आज तुझ्यासाठी एक, उद्या त्याच्यासाठी दुसरा, असं नव्हतं.

आणि उलट टोकाला इंग्लंडमधला फुटबॉल क्लब मँचेस्टर सिटी. त्यांचा खेळाडू बेंजामिन मेंडीवर ऑगस्ट २०२१मध्ये बलात्काराचे आरोप ठेवले गेले, क्लबने निलंबित केलं आणि सप्टेंबरपासून पगारही बंद. २०२३च्या जानेवारीत बहुतेक आरोपांतून आणि जुलैत उरलेल्यांतून त्याची निर्दोष मुक्तता झाली. त्याने एक कोटी दहा लाख पौंडांहून जास्त थकीत पगाराचा दावा लावला आणि नोव्हेंबर २०२४मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने सांगितलं की कोठडीतले महिने वगळून बहुतेक पगार त्याला देणं लागतं. माणूस काम करायला तयार होता, त्याला अडवलं दुसऱ्यांनी, मग पगार कसा कापता? हे आमच्या गोदामातल्या हमालालाही कळलं असतं.

तुम्ही म्हणाल, कोट्यधीश फुटबॉलपटूसाठी काय रडता. मी मेंडीसाठी रडत नाहीये. त्याला वकील परवडला. चव्हाणसारख्या, आयपीएलच्या कडेकडेने खेळणाऱ्या पोरासाठी बोलतोय.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

दोषमुक्त आणि निर्दोष. शब्द चुकला, दुरुस्त करतो. खटला चालवण्याइतकाही पुरावा न्यायालयाला दिसला नाही तर दोषमुक्त म्हणतात, म्हणजे आरोपीच्या दृष्टीने हे उलट बरंच, पण तुम्हाला त्यातही काही खोट दिसत असेल तर दिसो.

बोर्डाची स्वतंत्र चौकशी. हो, झाली होती. रवी सवानींनी केली होती. आणि मार्च २०१९मध्ये श्रीशांतच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचा दोषी असल्याचा निष्कर्ष कायम ठेवून फक्त आजन्म बंदीचा फेरविचार करायला सांगितलं, हेही मला माहीत आहे. पण माझा लेख कोण दोषी आणि कोण नाही यावर नव्हताच. तो वेळेवर होता. अटकेपासून चार महिन्यांत आजन्म बंदी आणि ती जास्त होती हे ठरायला सहा वर्षं, याबद्दल तुमच्याकडे एक ओळ नाही.

सुशील कुमार. साहेब, हे जरा अतीच झालं. मे २०२१मध्ये त्याला एका तरुण पैलवानाच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. तो कोठडीत होता. कोठडीतला माणूस आखाड्यात कसा उतरेल? रेल्वेने त्याला निलंबित केलं तेही समजण्यासारखं आहे, अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन आपोआप मानलं जातं, हे तुम्ही मला शिकवायला हवं होतंत. मधे जामीन मिळाला होता, तो ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दही केला. त्याचं नाव घेऊन माझ्या तोंडी न बोललेलं वाक्य घालायचं, याला चौकशीच्या भाषेत काय म्हणतात?

तक्रारदार. हा मुद्दा मोठा आहे आणि त्यावर वेगळं लिहीन. श्रीलंकेचा क्रिकेटपटू धनुष्का गुणतिलकाला सिडनीत नोव्हेंबर २०२२मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाल्यावर श्रीलंका बोर्डाने एका दिवसात बंदी घातली आणि सप्टेंबर २०२३मध्ये सुटल्यावर ती उठवली. त्या अकरा महिन्यांत तो खेळत राहिला असता तर तक्रार करणाऱ्या बाईला कसं वाटलं असतं, हा प्रश्न योग्य आहे, मी नाकारत नाही. फिक्सिंगच्या प्रकरणात मात्र तो तसा लागू होत नाही. तूर्त एवढंच.

लग्न. दोन ओळी होत्या हो. २ जून २०१३ला चव्हाणचं लग्न ठरलेलं होतं, न्यायालयाने त्यापुरता जामीन दिला, तो लग्न करून परत कोठडीत गेला. मी घडलं ते लिहिलं. डोळे तुमचे पाणावले त्याला मी काय करू?

आणखी एक. तुमच्या प्रतिक्रियेखाली अठरा जणांनी अंगठे दिलेत, त्यातल्या तिघांनी माझा लेख उघडलेलाही नाही, हे मला इथून दिसतं. तुम्ही मात्र पूर्ण वाचलात, स्टोक्सची तारीख काढण्याइतका बारकाईने वाचलात. यासाठी मनापासून आभार, खोचकपणे म्हणत नाहीये.

प्रतिक्रिया उडवणार नाही, तशीच राहील. पुढच्या वेळी नावाने लिहा, म्हणजे कुठल्या जिल्ह्यात होतात तेही कळेल.

लेखात स्टोक्सचा परिच्छेद दुरुस्त केलाय. 'निर्दोष'च्या जागी 'दोषमुक्त' घातलंय. निलंबनासाठी तीन ठिकाणी 'शिक्षा' शब्द वापरला होता. तो तसाच ठेवलाय.